टोपण, नाडी आणि खिडकीतला कावळा

मागच्या अंकात या सदरातून वाचकांना सुचवले होते की, घरातल्या मांजराने स्वतःहून शोधून काढलेल्या खेळण्यांविषयी आणि खिडकीशी येऊन छळणाऱ्या पक्ष्यांविषयी काही विचारायचे असल्यास जरूर लिहावे. आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ निम्म्या पत्रांत मांजराविषयी तक्रार आहे, निम्म्यांत पक्ष्याविषयी, आणि एक-दोन पत्रांत तर तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे हे लिहिणाऱ्यालाच ठरवता आलेले नाही. त्यांतली काही निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या मांजरीसाठी आम्ही पिसे लावलेली काठी, आत घुंगरू असलेला चेंडू आणि चावी दिल्यावर पळणारा उंदीर अशी तीन खेळणी आणली. उंदराकडे तिने एकदाच पाहिले आणि पाठ फिरवली. पाण्याच्या बाटलीचे टोपण मात्र ती पहाटे तीन वाजता फरशीवर असे पळवते की खालच्या मजल्यावरच्या मंडळींनी येऊन चौकशी केली. परवा फ्रिज सरकवला तेव्हा त्याखाली एकोणीस टोपणे, एक खोडरबर आणि माझ्या जुन्या चष्म्याची काडी सापडली. आणलेल्या खेळण्यांत असे काय कमी आहे?

उत्तर : खेळणे आपण डोळ्यांनी निवडतो आणि मांजर पंजाने निवडते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. मांजराच्या खेळाला आपण शिकारीचा सराव म्हणतो, पण प्रौढ मांजराच्या बाबतीत ती बहुतांशी शिकारच असते, फक्त शेवटचा घास तेवढा मिळत नाही. दबा धरणे, मागचे पाय जागच्या जागी हलवून अंदाज घेणे, झेप, पंजाचा फटका आणि मग दातांची पकड ही साखळी पिल्लू सात-आठ आठवड्यांचे झाल्यावर वस्तूंवर आजमावू लागते, आणि म्हातारपणापर्यंत ती सुटत नाही.

आता या कसोटीवर टोपण घासून पाहा. ते आकाराने उंदराच्या डोक्याएवढे असते आणि वजनाने इतके हलके असते की पंजाचे टोक लागले तरी निसटते. त्याला कडा असल्यामुळे ते चेंडूसारखे सरळ घरंगळत जात नाही, तर मध्येच गिरकी घेऊन भलत्याच दिशेला वळते, आणि फरशीवर घासताना बारीक खरखर करते. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर मांजराला सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंतचा. पाचोळ्यात उंदीर हलला तर होणारी अतिसूक्ष्म सळसळ टिपण्यासाठी घडलेल्या त्या कानाला टोपणाची खरखर आणि चुरगळलेल्या कागदाची कुरकुर यांत किती काही ऐकू येत असेल, याची आपल्याला फक्त कल्पनाच करता येते. शिवाय वीतभर अंतराच्या आतली वस्तू मांजराला स्पष्ट दिसत नाही. तेथे मिशा पुढे वळतात आणि डोळ्यांचे काम करतात. त्यामुळे टोपणाचा रंग कोणता, त्यावर चित्र काय, हे सारे तिच्या लेखी व्यर्थ आहे.

चावीच्या उंदराचा दोष वेगळा आहे. बहुतेक लोक चावी देऊन तो उंदीर मांजराच्या दिशेनेच सोडतात. पळणारे भक्ष्य शिकाऱ्याच्या अंगावर चालून येत नसते, आणि चालून आलेच तर शहाण्या शिकाऱ्याने मागे सरावे, असे तिचे उपजत शहाणपण तिला सांगते. तोच उंदीर तिच्यापासून दूर, सोफ्याच्या कडेने आडवा पळवला आणि कोपऱ्याआड दिसेनासा होऊ दिला, तर कदाचित त्याचे नशीब उघडेल.

घुंगराच्या चेंडूबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठाशी संबंधित असलेल्या हॉल, ब्रॅडशॉ आणि रॉबिन्सन या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढ मांजरांना एकच खेळणे पुनःपुन्हा दिले, तेव्हा प्रत्येक फेरीत त्यांचा उत्साह ओसरत गेला. परंतु थोड्याच मिनिटांत खेळण्याचे रूप बदलून ते पुन्हा दिले, तेव्हा मांजरे पहिल्या वेळेपेक्षाही जोमाने तुटून पडली. याचा अर्थ असा लावता येतो की मांजर खेळण्याला कंटाळत नसून त्याच्या निर्विकारपणाला कंटाळते. खऱ्या भक्ष्याची पिसे गळतात, त्याचा वास बदलतो, ते लटपटते. ज्या वस्तूवर शंभर फटके मारूनही काहीच फरक पडत नाही, तिच्यावर श्रम घालवण्यात अर्थ नाही असे तिला वाटत असावे. फटक्यागणिक वेगळे वागणारे टोपण तिला दर वेळी उत्तर देते. घुंगराचा चेंडू मात्र रोज तेच एक वाक्य बोलतो.

म्हणून खेळणी टाकून देऊ नका. त्यांतली दोन कपाटात ठेवा, एक बाहेर ठेवा आणि चार-पाच दिवसांनी अदलाबदल करा. टोपण पूर्ण गिळता येणार नाही एवढे मोठे आणि न तडकलेले असेल तर चालेल; खोडरबर मात्र काढून घ्या, कारण रबराचे आणि स्पंजाचे तुकडे मांजरे चावून गिळतात. पहाटेच्या सामन्यांवर उपाय असा की झोपण्यापूर्वी दहा मिनिटे तिला मनसोक्त पळवावे आणि मगच रात्रीचे खाणे द्यावे. शिकार, भोजन, अंगाची चाटून सफाई आणि झोप हा मांजराचा ठरलेला क्रम आहे, आणि तो आपल्या झोपेशी जुळवून घेता येतो. फ्रिजखालची फट बंद करण्याचा मोह मात्र आवरावा. मी ती पुठ्ठ्याने बुजवली होती, तेव्हा आमचा बोका दोन दिवस त्या पुठ्ठ्यासमोर ध्यान लावून बसला होता. बिळाच्या तोंडाशी वाट पाहत बसणे हादेखील खेळाचाच एक भाग असतो, हे मला त्या वेळी उमगले. आता मी आठवड्यातून एकदा पट्टीने टोपणे बाहेर ओढतो आणि तो माझ्या शेजारी बसून देखरेख करतो.

प्रश्न : शिवणकामाच्या डब्यातला दोरा, पायजम्याची नाडी, केसांचे रबर यांशी आमचे मांजर तासन्‌तास खेळते. खेळताना फार गोड दिसते. दोरा गिळला तर काही बिघडते का?

उत्तर : फार बिघडते, आणि या एका प्रश्नाच्या उत्तरात मला विनोद सुचत नाही. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर थुंकणे त्याला कठीण जाते आणि तो आत आतच सरकत जातो. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि दुसरे पुढे आतड्यात गेले, तर नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडाव्यात तशा आतड्याला चुण्या पडतात, आणि ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. अशा वेळी बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. उलट्या, खाणे बंद होणे आणि एका कोपऱ्यात दडून बसणे ही याची लक्षणे होत. तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचे टोक लोंबताना दिसले तर ते कधीही ओढू नये आणि वेळ न दवडता पशुवैद्याकडे जावे. नाडीशी खेळायचेच असेल तर तिचे दुसरे टोक तुमच्या हातात असावे आणि खेळ संपताच ती बंद खणात जावी. सुई ओवलेली असेल तर तो डबा कुलपात राहिलेलाच बरा.

प्रश्न : नव्या कपाटाबरोबर आलेल्या खोक्यात मांजर बसते हे समजू शकते, परंतु मुलांनी खेळासाठी जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या नुसत्या चौकोनातही ते जाऊन बसते. त्याला तेथे भिंती दिसतात काय?

उत्तर : खोक्याचे कारण सोपे आहे. पाठीमागून आणि बाजूंनी कोणी येणार नाही अशा जागी मांजराचा जीव निवांत होतो. २०१४ साली नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोका दिला आणि काहींना दिला नाही, तेव्हा खोका मिळालेली मांजरे त्या अनोळखी जागेला लवकर सरावली. नव्या घरी आलेल्या मांजराला पहिल्या आठवड्यात सर्वात उपयोगी पडणारी वस्तू खोका हीच आहे, हे त्यावरून समजावे.

चौकोनाचे प्रकरण अधिक गमतीचे आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांच्या मालकांनी घरच्या घरी कागदाची कापलेली चित्रे जमिनीवर चिकटवली. त्यांतले एक चित्र असे होते की पाव भाग कापलेली चार वर्तुळे चार कोपऱ्यांत ठेवली की मध्ये चौकोन असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मात्र तेथे एकही रेघ नसते. कानिझ्झा या इटालियन मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये मांडलेल्या दृष्टिभ्रमाचाच तो एक प्रकार आहे. शेवटपर्यंत टिकलेल्या ३० मांजरांपैकी फक्त ९ मांजरांनी कुठल्या ना कुठल्या चित्रात बैठक मारली. बाकीच्यांनी विज्ञानाला काडीचेही सहकार्य केले नाही. परंतु जी बसली ती भासाच्या चौकोनातही खऱ्या चौकोनाइतक्याच आनंदाने बसली. एवढ्या थोड्या मांजरांवरून मोठा सिद्धांत मांडता येणार नाही. तरीही तुमच्या मुलांनी पुढच्या वेळी चिकटपट्टीने फक्त चार कोपरे आखून पाहावेत आणि काय घडते ते कळवावे.

प्रश्न : एक कावळा रोज सकाळी ठरलेल्या वेळी आमच्या गच्चीच्या कठड्यावर येतो. आमचा बोका उन्हात झोपलेला असतो. कावळा मागून दबकत येऊन त्याची शेपटी ओढतो आणि बोका वळेपर्यंत उडून कठड्यावर जाऊन बसतो. बोका मग कावळ्याकडे पाहून जबडा थरथरवत ‘कट्‌कट्‌कट्‌’ असा विचित्र आवाज काढतो. मी काठी घेऊन कावळ्याला हाकलले, तर आता तो माझ्याही डोक्यावरून झेप घेतो. हा कावळा वेडा आहे की आम्ही?

उत्तर : कावळा मुळीच वेडा नाही. कावळ्याच्या कुळातले पक्षी मांजर, कुत्रा, गरुड, गिधाड अशा आपल्याहून बलवान प्राण्यांच्या शेपट्या ओढताना पुष्कळ ठिकाणी पाहिले गेले आहेत. एकाने शेपटी ओढावी आणि प्राणी वळताच दुसऱ्याने समोरचे अन्न पळवावे, हा त्यातला एक व्यवहारी भाग झाला. समोर अन्न नसतानाही ते हा उद्योग करतात, तेव्हा शत्रू किती चपळ आहे याची चाचपणी आणि निव्वळ खोडी या दोन्ही शक्यता उरतात. तुमच्या पत्रात बोक्याच्या बशीचा उल्लेख नाही. ती गच्चीवर ठेवत असाल तर आधी ती आत घ्या. निम्मे कोडे तेथेच सुटेल.

बोक्याचा आवाज ऐकून पुष्कळ लोक घाबरतात, पण त्यात आजाराचे काही नाही. भक्ष्य दिसते आहे आणि पोहोचता येत नाही, अशा वेळी मांजर जबडा थरथरवते. ही चरफड असावी, अतिउत्साह असावा किंवा मानेला घ्यायच्या चाव्याची रंगीत तालीम असावी, अशी वेगवेगळी मते आहेत. नकलेचाही एक तर्क आहे. २००५ साली ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात ‘मार्गे’ नावाचे लहान रानमांजर टॅमरिन माकडांच्या पिल्लांसारखा आवाज काढून माकडांना जवळ बोलावताना संशोधकांना आढळले होते. त्यावरून घरातले मांजर पक्ष्याची नक्कल करते असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्या कट्‌कट्‌ला भुलून जवळ आलेला एकही पक्षी मी आजवर पाहिलेला नाही.

राहिला तुमच्या डोक्यावरच्या झेपांचा प्रश्न, आणि तेथे चूक काठीची आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून जो कोणी आवारातून फिरला, मग तो कोणत्याही उंचीचा, वयाचा आणि चालीचा असो, त्याच्यावर कावळे कलकलाट करून तुटून पडू लागले. दुसरा एक साधा मुखवटा घालणाऱ्याच्या वाटेला मात्र ते फारसे जात नव्हते. पुढच्या वर्षांत ओरडणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढत गेली, कारण ज्यांना कधी कोणी पकडले नव्हते त्या कावळ्यांनीही इतरांचे पाहून तो चेहरा शत्रू म्हणून लक्षात ठेवला. थोडक्यात, तुमची काठी त्या परिसरातल्या बऱ्याच कावळ्यांना एव्हाना कळली असण्याचा संभव आहे. जवळपास घरटे असेल तर पिल्ले उडू लागेपर्यंत झेपा चालूच राहतील. तोवर गच्चीवर जाताना छत्री उघडावी, हातवारे करू नयेत आणि काठी कावळ्याच्या दृष्टीस पडू देऊ नये.

हातातला खाऊ हिसकावणाऱ्या पक्ष्यांविषयी आणखी एका वाचकाने विचारले आहे, त्यांना येथेच सांगतो की पक्ष्याकडे रोखून पाहावे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर २०१९ मध्ये सागरी कुरव पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगात, माणूस टक लावून पाहत असताना खाद्याच्या पिशवीपर्यंत यायला पक्ष्यांना सरासरी २१ सेकंद अधिक लागले. चोराला डोळ्यांची भीती वाटते, ती अशी.

प्रश्न : एक बुलबुल महिनाभर आमच्या बंद खिडकीवर चोचीने टकटक करतो आहे आणि आतून मांजर काचेवर पंजे मारते आहे. बुलबुल मांजराशी भांडतो आहे, असा घरच्यांचा समज आहे.

उत्तर : बुलबुलाला मांजर बहुधा दिसतही नसेल. बाहेर उजेड आणि आत अंधार असला की काचेचा आरसा होतो, आणि विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत घुसलेला तो दुसरा नर कितीही मारले तरी हटत नाही, म्हणून याची लढाई संपत नाही. पडदा आतून लावल्यास प्रतिबिंब उलट अधिकच ठळक होते. कागद, कापड किंवा साबणाच्या पाण्याचे फराटे काचेच्या बाहेरच्या बाजूला हवेत. गाडीच्या आरशालाही हाच न्याय लावून त्यावर पिशवी बांधावी. सगळेच पक्षी इतके भोळे नसतात. युरोपातल्या मॅग्पाय या कावळ्याच्याच कुळातल्या पक्ष्यांच्या गळ्यावर, त्यांना स्वतःला दिसणार नाही अशा जागी रंगीत ठिपका लावून त्यांना आरसा दाखवला, तेव्हा त्यांतल्या काहींनी तो ठिपका आपल्याच अंगावरचा आहे हे ओळखून पुसण्याची खटपट केली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले आहे. तुमच्या बुलबुलाची मजल तेथवर जाणार नाही. त्याचा आवेश विणीचा हंगाम सरला की आपोआप ओसरेल.

प्रश्न : कबुतरांनी बाल्कनी बळकावली आहे. चमकत्या पट्ट्या लावल्या, प्लास्टिकचे घुबड बसवले, कठड्यावर टोकदार खिळ्यांच्या पट्ट्याही लावल्या. आता घुबडाच्या डोक्यावर कबूतर बसते आणि कुंडीत घरटे आहे. कबुतरीण दिवसरात्र जागची हलत नाही. मांजर काचेआडून पाहून पाहून थकले आहे. दार उघडून त्याला एकदा बाहेर सोडावे काय?

उत्तर : सोडू नये, आणि त्याचे कारण आधी मांजराच्या बाजूने सांगतो. कठड्यावरच्या कबुतरावर झेप घेणाऱ्या मांजराला कठड्यापलीकडे काय आहे याचे भान राहत नाही. मांजर नेहमी पायांवर पडते आणि त्याला काही होत नाही, हा समज अर्धवट आहे. उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची न्यूयॉर्कमधली नोंद १९८७ साली प्रसिद्ध झाली, तीत उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली होती, हे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. परंतु जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच गेली नसणार, आणि जी वाचली त्यांतल्या अनेकांची छाती, दात आणि जबडे दुखावले होते.

आता कबुतरांविषयी. जागची न हलणारी ती कबुतरीण एकटी नाही. नर आणि मादी पाळीपाळीने अंडी उबवतात. सकाळी उशिरापासून दुपार ढळेपर्यंत नर आणि उरलेला वेळ मादी, अशी त्यांची साधारण वाटणी असते, आणि दोघे दिसायला सारखे असल्यामुळे आपल्याला बदली कळत नाही. अंडी बहुतेक वेळा दोन असतात, सुमारे १८ दिवसांत ती फुटतात आणि पिल्ले महिनाभरात उडू लागतात. अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे उचलणे कित्येक देशांत कायद्यानेही निषिद्ध आहे, म्हणून तेवढे दिवस सोसावेत. पिल्ले उडाली की त्याच दिवशी कुंडी हलवावी आणि साधारण पाच सेंटिमीटर छिद्रांची जाळी वरपासून खालपर्यंत, कोठेही फट न ठेवता ताणून बसवावी, कारण जागेला चिकटून राहणारी ही जात थोडी जरी सवड मिळाली तरी तेथेच पुढची वीण घालते. भक्कम जाळी असली की मांजरालाही बाल्कनी मोकळी करता येते. वाळलेली विष्ठा झाडू नये. तिच्या धुळीतून फुप्फुसाचे आजार होऊ शकतात, म्हणून नाकातोंडावर मास्क लावून आणि आधी भरपूर पाणी शिंपडून ती ओली असतानाच खरवडावी.

घुबडाबद्दल वाईट वाटून घेऊ नका. जे घुबड आठवडाभर मान वळवत नाही, ते कबुतराच्या दृष्टीने फक्त एक उंच पाट असते. आणि खिळ्यांच्या पट्ट्यांची जी गत २०२३ मध्ये जगासमोर आली, ती वाचून तुम्हाला एकटे पडल्यासारखे वाटणार नाही. पक्षी बसू नयेत म्हणून इमारतींवर लावलेल्या या पट्ट्या उपटून कावळे आणि मॅग्पाय यांनी त्यांचीच घरटी बांधल्याचे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले. बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात सापडलेल्या एका मॅग्पायच्या घरट्यात सुमारे १,५०० खिळे होते, आणि त्या पक्ष्याने टोके बाहेर वळवून घरट्याचे छतच काटेरी केले होते, म्हणजे पट्टीचा उपयोग त्याने आपल्यासारखाच इतर पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी केला होता.

कचऱ्याच्या डब्यावर वीट ठेवूनही पक्षी झाकण उघडतात, अशी तक्रार करणाऱ्या आजींनीही हे वाचावे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा डब्यांची जड झाकणे चोचीने उचलायला शिकले. २०१८ पूर्वी ही विद्या तीनच उपनगरांत होती आणि २०१९ सरेपर्यंत ती एकमेकांचे पाहून ४४ उपनगरांत पोहोचली. लोकांनी विटा ठेवल्या तर काकाकुव्यांनी त्या ढकलून पाडल्या. मग काहींनी झाकणाच्या सांध्यात जुने बूट खुपसले. आजी, आपल्या विटेला पट्ट्याने बांधावे लागेल.

प्रश्न : बोक्याने जिवंत चिमणी तोंडात धरून घरात आणून सोडली. चिमणी पंख्यावर, बोका कपाटावर आणि आम्ही पलंगाखाली अशी एक तास स्थिती होती. शेवटी ती खिडकीतून उडाली. आता त्याच्या गळ्यात घंटा बांधावी काय?

उत्तर : पुढच्या वेळी पंखा आधी बंद करावा, मांजराला दुसऱ्या खोलीत कोंडावे, दिवे मालवावेत आणि एकच खिडकी सताड उघडी ठेवावी, पक्षी उजेडाकडे जातो. मात्र मांजराचा दात किंवा नख लागलेला पक्षी वरवर धडधाकट दिसला तरी त्याला पशुवैद्याला दाखवणे आवश्यक असते, कारण मांजराच्या तोंडातल्या ‘पाश्चुरेला’ जिवाणूंमुळे बारीकशी जखमही त्याच्या जिवावर बेतते.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न आपल्याकडे उंदरांच्या सभेपासून चालत आला आहे, पण बांधून उपयोग किती, हे २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाने तपासले. २१९ घरांतल्या ३५५ मांजरांच्या त्या अभ्यासात घंटेचा ठळक परिणाम दिसला नाही. गळपट्ट्यावर भडक रंगाचे कापडी वेष्टन घातल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या पक्ष्यांची संख्या ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांना रंग चांगले दिसतात. भरपूर मांसप्रथिने असलेल्या आहाराने एकूण शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि रोज पाच ते दहा मिनिटे मांजराशी खेळल्याने २५ टक्क्यांनी. म्हणजे पहिल्या प्रश्नातले टोपण चिमण्यांच्याही उपयोगाचे आहे. अर्थात बोक्याला घरातच ठेवणे हा याहून खात्रीचा उपाय आहे. गळपट्टा घातलात तर तो झटका बसताच सुटणारा असावा.

प्रश्न : लेझरच्या लाल ठिपक्यामागे मांजर भिंतीवर चढते. हा खेळ चांगला की वाईट?

उत्तर : थोडा वेळ ठीक, रोज तासभर नको. ठिपका कधीच हाती लागत नाही, आणि २०२१ च्या एका पाहणीत जी मांजरे लेझरशी अधिक खेळतात त्यांच्यात सावल्यांमागे धावण्यासारख्या सवयी अधिक आढळल्या. लेझरमुळेच त्या लागतात हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. खेळाच्या शेवटी ठिपका एखाद्या कापडी खेळण्यावर न्यावा आणि ते त्याला पकडू द्यावे. डोळ्यांवर झोत टाकू नये.

प्रश्न : माझे वापरलेले मोजे हुंगून मांजर तोंड वासून, ओठ आक्रसून शून्यात पाहत राहते. घरातले सर्व जण हसतात. हा माझा अपमान आहे काय?

उत्तर : नाही. मांजराच्या टाळूवर, पुढच्या दातांमागे, वास टिपणाऱ्या एका खास इंद्रियाकडे जाणारी सूक्ष्म छिद्रे असतात, आणि तोंड वासून ते तुमच्या मोज्यांतला मजकूर सावकाश वाचत असते. घरातल्यांच्या हसण्याविषयी या सदरातून काही करता येणार नाही.

प्रश्न : खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या लहानसहान चकचकीत वस्तू नाहीशा होत आहेत. दोन किल्ल्या, एक कर्णफूल आणि चहाचा चमचा गेला. समोरच्या झाडावरच्या कावळ्यावर आमचा दाट संशय आहे. घरात एक तरुण मांजरी आहे, पण ती अत्यंत शांत स्वभावाची आहे.

उत्तर : चकचकीत वस्तू चोरण्याची ख्याती पाश्चात्त्य देशांत मॅग्पायच्या वाट्याला आली आहे, आणि ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे. एक्सेटर विद्यापीठात २०१४ मध्ये खाद्याशेजारी चकाकणाऱ्या वस्तू मांडून पाहिल्या, तेव्हा ६४ चाचण्यांत पक्ष्यांनी अशी वस्तू दोनदाच उचलली आणि लगेच टाकून दिली; उलट तिच्या भीतीने ते खाताना बिचकत होते. कावळे वस्तू उचलतात आणि लपवतात हे खरे आहे, विशेषतः कोवळ्या वयाचे कावळे. पण तुमच्या पत्रातली यादी पाहिली तर प्रत्येक वस्तू कट्ट्यावरून ढकलली असता खणखणीत आवाज करणारी आणि फरशीवर दूरवर घसरणारी आहे. शांत स्वभावाची मांजरी घरात सगळे झोपल्यावर काय करते, याची चौकशी आधी करावी. सोफ्याखाली, कपाटामागे आणि फ्रिजखाली पट्टी फिरवून पाहावी, असे मी या पत्रलेखकांना टपालाने तातडीने कळवले होते.

हा अंक छपाईला जाण्यापूर्वी त्यांचे उत्तर आले. कपाटामागे दोन्ही किल्ल्या, कर्णफूल, सात टोपणे आणि हरवल्याचे कोणाच्या ध्यानातही नसलेले एक पेन सापडले. चमचा मात्र अजून सापडलेला नाही, आणि त्या एका चमच्यापुरता कावळ्यावरचा संशय त्यांनी कायम ठेवला आहे.